मैदानाची वहिवाट

२० मार्च २०२२ च्या रात्री मडगावनजीक फातोर्ड्याच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियममध्ये इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना पेनल्टीच्या फेरीपर्यंत लांबला, आणि हैदराबाद एफसीचा गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमणी ह्याने केरळ ब्लास्टर्सचे तीन फटके अडवून आपल्या संघास त्या लीगचे पहिले विजेतेपद मिळवून दिले, तेव्हा ज्या नगराचे नाव त्या पिवळ्या पोशाखावर कोरलेले होते ते नगर तेथून एका रात्रीच्या प्रवासाइतके दूर होते. ६८ व्या मिनिटास राहुल के. पी. ह्याने केरळसाठी गोल केला होता. सामना हातचा गेला असे वाटत असता ८८ व्या मिनिटास साहिल ताव्होरा ह्याने दुरून मारलेल्या फटक्याने बरोबरी साधली. ताव्होरा गोव्याचा, कट्टीमणीही गोव्याचाच. दोन वर्षांनंतर प्रथमच दरवाजे उघडल्यामुळे प्रेक्षागार तुडुंब भरले होते खरे, परंतु त्यातील फार मोठा भाग केरळातून रेल्वेने, बसने आणि मोटारसायकलींवरून आलेल्या समर्थकांनी व्यापला होता. त्या प्रवासात दोन तरुण समर्थक कासरगोडजवळ अपघातात दगावले. हैदराबादच्या इतिहासातील हा सर्वांत मोठा आधुनिक विजय अशा रीतीने गोव्याच्या भूमीवर, गोव्याच्या खेळाडूंच्या पराक्रमाने आणि केरळच्या जनसमुदायासमोर संपादन झाला. ज्यांचा तो विजय होता त्यांनी तो दूरचित्रवाणीवर पाहिला.

करोनाच्या साथीमुळे लीगच्या चालकांनी २०२०-२१ आणि २०२१-२२ ह्या दोन्ही हंगामांचे सर्व सामने गोव्यात फातोर्डे, बांबोळी आणि वास्कोचे टिळक मैदान ह्या तीन ठिकाणी खेळविले, आणि त्या अखेरच्या रात्रीपर्यंत ते बंद दरवाजांआडच खेळले गेले. घरचा सामना आणि बाहेरचा सामना हा भेद कागदोपत्री राखला गेला, परंतु एक गोव्याचा संघ वगळता सगळेच तेथे मुसाफिर होते. इकडे हैदराबादेत, संघाचे घरचे मैदान जेथे आहे त्या गच्चीबौलीच्या क्रीडासंकुलातील चौदा मजली मनोरा २०२० च्या एप्रिलात तेलंगण सरकारने ताब्यात घेऊन तेथे पंधराशे खाटांचे रुग्णालय उभे केले. रुग्णांच्या गरजेपुढे खेळाचा आग्रह कोणी धरावा? कोणीही धरला नाही, आणि तेच योग्य होते. समर्थकांनी त्या दोन वर्षांत आपले मैदान समजुतीने सोडले, कारण ते परत मिळेल अशी त्यांना खात्री होती.

ह्या खात्रीविषयीच मला लिहावयाचे आहे. स्टेडियमची मालकी सरकारची असते, त्याचा करारनामा संघाच्या मालकांच्या नावे असतो. परंतु दर सामन्यास त्याच पायऱ्यांवर, त्याच मंडळींसमवेत बसणारा जो प्रेक्षक असतो त्याची तेथे वहिवाट पडते, आणि ही वहिवाट कोणत्याही दप्तरात नोंदलेली नसली तरी संघाचे जे काही मोल असते ते तिच्यातूनच निर्माण होते असे माझे ठाम मत आहे. हिंदुस्थानी फुटबॉलच्या आजच्या कारभारात तिला तसूभरही स्थान नाही. हैदराबादच्या वाट्यास २०१९ पासूनच्या सहा वर्षांत जे आले ते पाहिले म्हणजे ह्या विधानाची सत्यता पटेल.

परगावी जिंकण्याचे हे दैव हैदराबादला नवे नाही. १९५० पासून १९५४ पर्यंत सलग पाच वर्षे हैदराबाद सिटी पोलीस ह्या संघाने रोव्हर्स चषक जिंकला, आणि तो सगळा पराक्रम मुंबईच्या कूपरेजवर घडला. १९५० चा ड्युरंड चषकही त्यांनीच नेला, आणि पुढे १९५४, १९५७ व १९६१ साली पुन्हा तोच मान मिळविला. १९५६-५७ आणि १९५७-५८ च्या संतोष करंडकाच्या अंतिम सामन्यांत हैदराबादने ज्या संघास नमविले तो दोन्ही वेळा मुंबईचाच होता. मुंबईतील जुन्या पिढीच्या क्रीडाप्रेमींच्या तोंडी 'हैदराबाद पोलीस' हे नाव जो दरारा घेऊन येत असे त्याचे कारण हेच होय.

ह्या वैभवाचे शिल्पकार सय्यद अब्दुल रहीम. १९०९ साली जन्मलेले हे गृहस्थ पेशाने शिक्षक. काचीगुडा, चादरघाट अशा भागांतील शाळांत त्यांनी अध्यापन केले, आणि शिक्षकाची शिस्त व चिकित्सा त्यांनी मैदानावर नेली. दुबळ्या पायानेच चेंडू मारावयाचा असा नियम घालून ते स्पर्धा भरवीत. चेंडू स्वतःजवळ न रेंगाळविता तत्काळ सोबत्याकडे द्यावयाचा, अशा अटीवरही सामने खेळवीत. साधनांची वाण असलेल्या काळात, एका प्रांतिक राजधानीत, केवळ विचाराच्या बळावर एवढी मोठी परंपरा उभी करणारा दुसरा प्रशिक्षक ह्या देशात मला तरी दिसत नाही. १९५१ साली दिल्लीच्या आणि १९६२ साली जकार्ताच्या आशियाई क्रीडास्पर्धांत भारताने मिळविलेली दोन्ही सुवर्णपदके त्यांच्याच मार्गदर्शनाखालील. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये मुंबईच्या नेव्हिल डिसूझाच्या तीन गोलांच्या जोरावर भारताने यजमान ऑस्ट्रेलियास ४-२ असे हरवून चौथा क्रमांक पटकाविला, तो संघही रहीमसाहेबांनी घडविलेला होता. ११ जून १९६३ रोजी कर्करोगाने त्यांचा अंत झाला, आणि हैदराबादच्या फुटबॉलची उतरती कळा तेथपासून मोजण्याचा प्रघात आहे.

उतरती कळा म्हणताना एक भेद मात्र ध्यानी घ्यावा लागतो. खेळाडू संपले नव्हते. तुळशीदास बलराम, सय्यद नईमुद्दीन, मोहम्मद हबीब, शब्बीर अली ही सगळी ह्याच मातीतील माणसे. परंतु त्यांची कीर्ती वाढली ती कोलकात्याच्या मैदानावर, ईस्ट बंगाल, मोहन बागान आणि मोहम्मेडन स्पोर्टिंगच्या पोशाखांत. आपल्याच गल्लीतून गेलेला खेळाडू काय करतो आहे हे येथील रसिक वर्तमानपत्रात वाचीत, आकाशवाणीवर ऐकत. स्वतःचे मैदान भरून टाकण्याची सवय तुटली ती ह्याच काळात.

तसे ह्या शहरास मैदान होते, आणि ते अगदी मध्यवस्तीत होते. मराठवाड्याचे पाच जिल्हे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच असल्यामुळे नांदेड-परभणीकडून शिक्षणासाठी व नोकरीसाठी आलेली मराठी कुटुंबे सुलतान बाजार, बडी चावडी, काचीगुडा ह्या भागांत स्थिरावली होती, आणि त्यांच्या मुलांस निजाम कॉलेजलगतचे फतेह मैदान चालत जाण्याच्या अंतरावर होते. १६८७ साली गोवळकोंड्यास वेढा घालून बसलेल्या औरंगजेबाच्या फौजेची छावणी तेथे पडली होती आणि विजयानंतर मैदानास हे नाव मिळाले, असे सांगतात. १९५५ साली न्यूझीलंडविरुद्ध पॉली उम्रीगर ह्यांनी २२३ धावा काढून कसोटीतील भारताचे पहिले द्विशतक ठोकले ते ह्याच भूमीवर. १९६७ साली लाल बहादूर शास्त्रींचे नाव त्यास दिले गेले. क्रिकेटने तेथून आपला मुक्काम २००५ मध्ये उप्पलच्या नव्या स्टेडियमकडे हलविला, तेव्हा आता तरी हे मैदान फुटबॉलच्या वाट्यास येईल अशी आशा करावयास जागा होती.

२००८ च्या पावसाळ्यात त्या आशेची परीक्षा झाली. आशियाई फुटबॉल महासंघाची चॅलेंज चषक स्पर्धा हैदराबादेत भरली. विजेत्यास २०११ च्या आशियाई चषकात थेट प्रवेश मिळणार असल्यामुळे तिचे महत्त्व असामान्य होते. म्यानमारविरुद्धचा उपांत्य सामना लाल बहादूर स्टेडियमच्या चिखलात खेळला गेला आणि सुनील छेत्रीच्या गोलाने भारताने तो १-० असा जिंकला. परंतु पावसाने मैदानाची अशी दैना केली की अंतिम सामना तेथे घेणे अशक्य ठरले. तो दिल्लीच्या आंबेडकर स्टेडियमकडे नेण्यात आला, आणि १३ ऑगस्ट रोजी छेत्रीच्या तीन गोलांसह भारताने ताजिकिस्तानचा ४-१ असा पराभव करून तब्बल २७ वर्षांनंतरचा आशियाई चषक-प्रवेश निश्चित केला. चिखलात उभे राहून ज्यांनी संघास अंतिम फेरीत पोहोचविले त्या हैदराबादकरांच्या नशिबी चषक पाहणे नव्हते. त्या स्टेडियमवर पुढे राजकीय सभा झाल्या, समारंभ झाले. ७ डिसेंबर २०२३ रोजी तेलंगणचे मुख्यमंत्री रेवंत रेड्डी ह्यांचा शपथविधीही तेथेच पार पडला. शहराच्या मध्यभागी असलेले, रेल्वेस्थानकास, मेट्रोस आणि जुन्या बाजारपेठांस जवळ असलेले एकमेव मोठे मैदान फुटबॉलला कायमचे लाभले नाही, ही ह्या कहाणीतील पहिली आणि माझ्या दृष्टीने सर्वांत जिव्हारी लागणारी गोष्ट आहे.

त्यामुळे २०१९ साली नव्या संघास जागा द्यावयाची वेळ आली तेव्हा गच्चीबौलीवाचून पर्याय उरला नाही. २००२ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी शहराच्या पश्चिमेस, हैदराबाद विद्यापीठाच्या शेजारी हे संकुल बांधण्यात आले, आणि त्याच वर्षी मार्चमध्ये हेलिकॉप्टर-अपघातात निधन पावलेले लोकसभेचे अध्यक्ष जी. एम. सी. बालयोगी ह्यांचे नाव मुख्य स्टेडियमला देण्यात आले. सुमारे ३०,००० प्रेक्षकांची सोय असलेले हे स्टेडियम मूळचे ॲथलेटिक्ससाठीचे. मैदान आणि पायऱ्या ह्यांच्यामध्ये धावण्याचा प्रशस्त मार्ग आहे, त्यामुळे पहिल्या रांगेत बसलेल्या माणसासही खेळाडूचा चेहरा नीट दिसत नाही आणि समर्थकांच्या गजराचा अर्धा जोर मधल्या मोकळ्या हवेत विरून जातो. फुटबॉलसाठी बांधलेले मैदान आणि फुटबॉलला उसने दिलेले मैदान ह्यांतील अंतर त्या आठ पट्ट्यांच्या रुंदीएवढे असते.

आणि मग तेथवर पोहोचण्याचा प्रश्न. संध्याकाळी साडेसातला सामना सुरू व्हावयाचा. काचीगुड्यातील कुटुंबाने साडेपाचला घर सोडावे, मेट्रो पकडून अमीरपेठेस गाडी बदलावी, रायदुर्गच्या शेवटच्या स्थानकावर उतरावे आणि तेथून संगणक-कंपन्यांतून सुटलेल्या मोटारींच्या गर्दीतून रिक्षाने उरलेला पल्ला गाठावा. रायदुर्गपर्यंतची मेट्रो तरी २०१९ च्या नोव्हेंबरअखेर सुरू झाली, म्हणजे संघाचे पहिले घरचे सामने होऊन गेल्यावर. परतीस रात्रीचे साडेनऊ वाजून गेलेले असत. ज्या जुन्या हैदराबादेत, चारमिनारच्या आणि मल्लेपल्लीच्या गल्ल्यांत, ह्या खेळाची तीन पिढ्यांची आवड जिवंत होती ती वस्ती स्टेडियमपासून सर्वांत दूर; आणि स्टेडियमभोवती जी नवी वस्ती होती ती देशभरातून नोकरीनिमित्त आलेली, बहुधा आपापल्या गावाचा संघ मनात धरून राहणारी. केरळचा संघ आला की गच्चीबौलीच्या पायऱ्या अर्ध्याअधिक पाहुण्यांच्या रंगाने भरत. ह्यात पाहुण्यांचा काहीच दोष नाही, त्यांची निष्ठा अनुकरणीय आहे. परंतु घरच्या मैदानावर घरचा आवाज शोधावा लागणे ही नव्या समर्थकांसाठी मोठी कसोटी होती. २ नोव्हेंबर २०१९ रोजी त्या मैदानावरील पहिल्याच सामन्यात हैदराबादने केरळ ब्लास्टर्सला २-१ असे हरविले. त्या हंगामात घरचा दुसरा विजय नाही. अठरा सामन्यांतून अवघे १० गुण घेऊन संघ तळाशी राहिला, तरीही 'डेक्कन लीजन' नावाने एकत्र आलेली तरुण मंडळी ढोल घेऊन येत राहिली. आपल्याकडे संघाचा जन्म मालकांच्या घोषणेने होतो असे मानतात. मला मात्र वाटते की हैदराबाद एफसीचा खरा जन्म त्या पराभवांच्या रात्री, त्या मोजक्या मंडळींच्या हट्टातून झाला.

पण ह्या जन्माआड एक मृत्यू दडलेला होता, आणि मराठी वाचकाने तो विसरू नये. २०१४ पासून पाच हंगाम पुण्याच्या बालेवाडीत एफसी पुणे सिटी हा संघ खेळत असे. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी बांधलेल्या श्री शिवछत्रपती क्रीडानगरीत त्याचे सामने होत, आणि 'ऑरेंज आर्मी' ह्या नावाने त्याचे समर्थक नारिंगी झेंडे घेऊन तेथे बसत. २०१७-१८ साली संघाने उपांत्य फेरी गाठली, तेथे बेंगळुरूकडून तो हरला. मालकांची आर्थिक स्थिती ढासळल्यावर २०१९ च्या उन्हाळ्यात संघाचे विसर्जन झाले आणि लीगमधील त्याची जागा नव्या मालकांनी हैदराबादेस आणली. २७ ऑगस्टला तशी घोषणा झाली. प्रशिक्षक फिल ब्राऊन, मार्सेलिनो, मार्को स्टँकोविच, आदिल खान, निखिल पुजारी असे पुण्याचे कितीतरी लोक ह्या नव्या पोशाखात उतरले. हैदराबादेस उत्सव झाला, तेव्हा पुण्यात नारिंगी झेंडे गुंडाळले जात होते. पुण्याच्या समर्थकांस कोणी विचारले नाही, सूचना दिली नाही, निरोपाचा एक सामनासुद्धा त्यांच्या वाट्यास आला नाही. त्याच ऑगस्टात दिल्ली डायनामोज हा संघ भुवनेश्वरला जाऊन ओडिशा एफसी झाला. दिल्लीच्या समर्थकांस जे वाटले तेच पुणेकरांस वाटले, आणि आम्ही हैदराबादकर त्या वेळी इतके आनंदात होतो की त्यांच्या दुःखाची दखलही आमच्यापैकी फारच थोड्यांनी घेतली.

मैदान दुरुस्तीस निघाल्याने समर्थकांची ताटातूट होण्याचा अनुभव मुंबईनेही घेतला आहे. ज्या कूपरेजवर हैदराबाद पोलिसांनी पाच रोव्हर्स चषक उचलले तेच कूपरेज नूतनीकरणासाठी बंद झाले तेव्हा मुंबई एफसी ह्या आय-लीगमधील संघास आपले 'घरचे' सामने बालेवाडीत खेळावे लागले. परळच्या किंवा कुलाब्याच्या प्रेक्षकाने आपल्या शहरचा संघ पाहण्यासाठी घाट चढून पुण्यास जावयाचे, आणि रात्री परतावयाचे! कृत्रिम हिरवळ घालून कूपरेज पुन्हा उघडले, संघ परतलाही. परंतु मधल्या काळात सुटलेली सवय पूर्ववत जुळली नाही, २०१७ मध्ये संघाची आय-लीगमधून गच्छंती झाली आणि काही काळाने तो अस्तित्वातच राहिला नाही. ह्यास केवळ स्थलांतर कारणीभूत होते असे मी म्हणणार नाही. पैशाची चणचण, लीगच्या रचनेतील उलथापालथ ही कारणे होतीच. परंतु वहिवाट मोडली की संघ कोणत्याही धक्क्यास किती लवकर बळी पडतो हे त्यावरून दिसते.

मुंबईच्या चाळींच्या पुनर्विकासाशी ज्याचा संबंध आला आहे त्याला हे सहज कळेल. संक्रमण शिबिरात जाण्यास रहिवासी नाही म्हणत नाही. गैरसोय सोसण्याची त्याची तयारी असते. त्याला हवी असते ती परतीची लेखी हमी आणि तीत घातलेली मुदत. जेथे ही दोन्ही मिळाली तेथे माणसे दहा-दहा वर्षांनी का होईना, आपल्या जागी परतली. जेथे नाही, तेथे शिबिर हेच घर झाले.

युरोपात ह्याची दोन्ही प्रकारची उदाहरणे आहेत. बार्सिलोनाने १९५७ मध्ये उघडलेले कॅम्प नोऊ २८ मे २०२३ च्या सामन्यानंतर पुनर्बांधणीसाठी बंद केले आणि संघ माँटजुईकच्या टेकडीवरील ऑलिंपिक स्टेडियमात गेला. टेकडी चढण्याचा त्रास, धावमार्गामुळे पडणारे अंतर, निम्म्याने घटलेल्या जागा: गच्चीबौलीच्या प्रेक्षकाची सर्व गाऱ्हाणी तेथील प्रेक्षकाच्या तोंडीही होती, आणि हंगामी तिकिटे असलेल्या सभासदांपैकी फार मोठ्या संख्येने त्या टेकडीवर जाण्याचे नाकारले. परत येण्याची मुदत नोव्हेंबर २०२४ ची होती. ती टळत गेली, २०२५ च्या सप्टेंबरात तर परवान्याअभावी दोन सामने सहा हजारांच्या छोट्या योहान क्रॉइफ स्टेडियमवर खेळावे लागले. तरीही २२ नोव्हेंबर २०२५ रोजी संघ अपुऱ्या बांधकामातल्या का होईना आपल्या घरी परतला आणि अ‍ॅथलेटिक क्लबला ४-० असे हरविता झाला. तो परतणारच होता, कारण बार्सिलोनाची मालकी तिच्या सभासदांकडे आहे. ज्यांची वहिवाट त्यांचाच कारभार. लंडनच्या टॉटनहॅमने जुने व्हाइट हार्ट लेन मे २०१७ मध्ये सोडले, वेम्बलीवर दोन हंगाम काढले आणि उशिराने, एप्रिल २०१९ मध्ये, त्याच जागेवर उभारलेल्या नव्या स्टेडियमात पाऊल ठेवले.

दुसरे उदाहरण विंबल्डनचे, आणि ते मला अधिक बोधप्रद वाटते. १९९१ साली ह्या संघाने प्लाव लेन हे आपले जुने मैदान सोडून क्रिस्टल पॅलेसच्या मैदानावर तात्पुरता आसरा घेतला. तात्पुरता म्हणूनच तो घेतला होता. परंतु परतीची तारीख कोणी ठरविली नाही, पुढे जुनी जागा विकली गेली, आणि २००२ साली फुटबॉल संघटनेने नेमलेल्या आयोगाने मालकांस संघ ९० किलोमीटरांवरील मिल्टन कीन्सला हलविण्याची परवानगी दिली. समर्थकांनी त्याच वर्षी एएफसी विंबल्डन हा आपला संघ स्थापन केला, अगदी खालच्या पायरीपासून चढत व्यावसायिक लीगमध्ये प्रवेश मिळविला, आणि नोव्हेंबर २०२० मध्ये प्लाव लेनवरच, जुन्या जागेपासून हाकेच्या अंतरावर बांधलेल्या स्वतःच्या मैदानात तो संघ आणला. एकोणतीस वर्षांनी! संघ मालकांच्या सोबत गेला, परंपरा समर्थकांसोबत राहिली.

गोव्याहून हैदराबाद एफसी २०२२ च्या शरदात गच्चीबौलीस परतला तो विजेता म्हणून. आपल्या नगराने कधी न पाहिलेला विजेता. मानोलो मार्केझ ह्यांच्या मार्गदर्शनाखाली त्या हंगामात संघ ४२ गुणांसह दुसरा आला, आणि ९ मार्च २०२३ रोजी एटीके मोहन बागानविरुद्धचा उपांत्य फेरीचा पहिला सामना गच्चीबौलीवर झाला. तो गोलशून्य राहिला. कोलकात्याचा दुसराही तसाच, आणि पेनल्टीच्या फेरीत हैदराबाद हरले. गच्चीबौलीने आपला संघ त्याच्या ऐन भरात पाहिला तो एवढाच एक हंगाम. मार्केझ गोव्याच्या संघाकडे गेले. खेळाडूंचे वेतन थकले, आंतरराष्ट्रीय संघटनेने नवे खेळाडू घेण्यास बंदी घातली, एकामागून एक परदेशी खेळाडू निघून गेले. २०२३-२४ च्या बावीस सामन्यांत थंगबोई सिंगतो ह्यांनी तरुण भारतीय खेळाडूंना हाताशी धरून संघ कसाबसा उभा ठेवला. एक विजय, पाच बरोबऱ्या, ८ गुण. त्या मुलांनी वेतनाविना जी निष्ठा दाखविली तिची नोंद कोणत्याही विजेतेपदाच्या बरोबरीने व्हावयास हवी. रिकाम्या होत चाललेल्या पायऱ्यांवर जे थोडे लोक तेव्हाही येत होते त्यांचीही.

२०२४ साली नवे मालक आले. त्याच सप्टेंबरात गच्चीबौलीवर इंटरकॉन्टिनेन्टल चषक भरला, नोव्हेंबरात भारत-मलेशिया सामना झाला, ३१ डिसेंबरला संतोष करंडकाचा अंतिम सामना होऊन बंगालने केरळला १-० असे हरविले. मैदान ओस नव्हते, शहर उदासीन नव्हते. पाहुण्यांच्या सामन्यांस माणसे येत होती. घरचा संघ मात्र त्या हंगामात तेरा संघांत बारावा राहिला, आणि २०२५ च्या ऑक्टोबरात त्याची रवानगी दिल्लीस झाली, नवे नाव स्पोर्टिंग क्लब दिल्ली. ज्या दिल्लीचा संघ सहा वर्षांपूर्वी ओडिशाने नेला तिला हैदराबादचा संघ मिळाला. ज्या हैदराबादेस पुण्याचा संघ मिळाला होता तिचा संघ दिल्लीने नेला. २००८ चा तो अंतिम सामनाही दिल्लीसच गेला होता, पण तेव्हा निदान पावसाचे कारण होते.

पुण्यास न झालेली विचारणा हैदराबादेसही झाली नाही. पोशाखावरचे चारमिनार आणि कोहिनूर एका घोषणेने पुसले गेले. आता हे थांबविण्याचा उपाय सांगण्यासाठी मोठ्या विद्वत्तेची गरज नाही. लीगमध्ये खेळण्याचा परवाना देताना भारतीय फुटबॉल महासंघाने प्रशिक्षकाची पात्रता तपासावी, मैदानावरील दिव्यांचा प्रकाश मोजावा, वैद्यकीय व्यवस्था पाहावी, हे सर्व आवश्यकच आहे. त्याच परवान्यात एक अट अशी घालावी की नगर बदलावयाचे असल्यास एक संपूर्ण हंगाम आधी जाहीर सूचना द्यावी, समर्थकांच्या नोंदलेल्या संघटनांचे म्हणणे जाहीर सुनावणीत ऐकावे, आणि संघ गेलाच तर त्याचे नाव, चिन्ह व रंग त्या नगरातील समर्थकांच्या स्वाधीन करावेत. मैदान दुरुस्तीसाठी सोडावयाचे असल्यास परतीची तारीख लेखी असावी. मालकास ह्यात तोटा नाही. ज्या मालकास ही अट जाचक वाटेल त्याच्या हाती नगराचे नाव देऊच नये. तेलंगण सरकारनेही लाल बहादूर स्टेडियमचा विचार करावा. शपथविधी आणि सभा ह्यांसाठी शहरात अन्य जागा आहेत, फुटबॉलसाठी मध्यवस्तीत ती एकच आहे.

दिल्लीच्या समर्थकांस माझे सांगणे इतकेच की नवा संघ प्रेमाने वाढवा, मात्र आपली संघटना आजच नोंदवून घ्या. आणि हैदराबादकर वाचकांस एक विनंती आहे. ह्या शहरात श्रीनिधी डेक्कन हा दुसरा व्यावसायिक संघ आहे. २०२२-२३ आणि २०२३-२४ अशी लागोपाठ दोन वर्षे तो आय-लीगमध्ये दुसरा आला, आणि डेक्कन अरीना हे त्याचे स्वतःचे फुटबॉलचे मैदान आहे, जेथे पायऱ्या आणि खेळ ह्यांच्यामध्ये धावमार्ग नाही. त्याच्या पुढच्या घरच्या सामन्यास मुलांना घेऊन जा.